मंदी आणि टोकाचे पक्ष : एका प्रचलित उपपत्तीची चिकित्सा

आपल्या उपदेशांतून आणि प्रचारकांच्या शिबिरांतून एक विधान वारंवार ऐकू येते. देशात मंदी आली, हातांना काम उरले नाही, की भुकेला मनुष्य साहजिकच टोकाच्या पक्षामागे जातो, असे ते विधान होय. ते समजण्यास सोपे आहे आणि वरवर पाहता दयाळूही आहे. कारण त्यात दोष माणसावर न ठेवता परिस्थितीवर ठेवलेला असतो. तथापि या विधानाच्या पोटात दुसरे एक विधान दडलेले आहे. ते असे की, गरीब मनुष्य हा समाजाला धोका आहे. आपल्या मंडळ्यांतील बहुसंख्य कुटुंबे गरीब आहेत. तेव्हा हे दुसरे विधान आपण नकळत आपल्याच लोकांविषयी करीत असतो. सबब ते कितपत खरे आहे, हे तपासून पाहणे प्राप्त आहे.

या तपासणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. बीदर आणि कलबुर्गी (२०१४ पर्यंत ज्याचे अधिकृत नाव गुलबर्गा होते) हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्याचेच भाग होते; आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या भागांत आजही मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. १९२९ ची जागतिक मंदी या प्रदेशाने सोसली, आणि पुढील वीस वर्षांत टोकाच्या राजकारणाचे सर्व प्रकारही येथेच पाहिले. उपपत्ती खरी असेल तर ती येथे टिकली पाहिजे.

ही उपपत्ती सर्वांत विचारपूर्वक ज्या ग्रंथांत मांडली गेली, त्यांपैकी एक ग्रंथ ख्रिस्ती विद्वानाचाच आहे. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ हे लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करीत असता, १९४३ साली, त्यांचा ‘मॉडर्न इस्लाम इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळी त्यांच्यावर मार्क्सवादी विचारांचा मोठा प्रभाव होता. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय थोडक्यात असा : वसाहतीची अर्थव्यवस्था खुंटलेली असते. शिकलेले उमेदवार वाढतात, पण नोकऱ्या वाढत नाहीत. मग मध्यमवर्गातील दोन जमाती त्याच तुटपुंज्या जागांसाठी झगडू लागतात, आणि मुळात आर्थिक असलेला हा झगडा धर्माच्या नावाने लढवला जातो. जमातवाद्यांच्या धार्मिक भाषेला न भुलता तिच्यामागील हिशेब पाहावा, ही दृष्टी त्यांनी दिली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. शिवाय त्यांनी बोट ठेवले ते मध्यमवर्गावर. आपल्या प्रचलित विधानात हा विवेक उरलेला नाही. आपण मध्यमवर्ग गाळून टाकला आणि त्याच्या जागी भुकेला बसवला.

आता मंदीचा मार आपल्या भागात कोणावर कसा पडला, ते पाहू. १९२९ ते १९३३ या काळात हिंदुस्थानात शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. बीदर-गुलबर्ग्याचा शेतकरी ज्वारी, तूर खाण्यापुरती पिकवी. पण कापूस, भुईमूग आणि गळिताची धान्ये तो बाजारासाठी लावी. त्याचा शेतसारा रोख, आणि सावकाराचे कर्जही रोख. भाव निम्म्यावर आला म्हणून शेतसारा निम्मा झाला नाही, आणि खतावणीतील आकडाही कमी झाला नाही. ज्या कर्जाच्या फेडीला पूर्वी दहा पोती भुईमूग पुरत, त्याला आता वीस पोती लागू लागली. म्हणजे एक रुपयाही नवा न काढता शेतकऱ्याचे कर्ज दुप्पट झाले. गहाण पडलेली जमीन सुटेना. ती सावकाराच्या नावावर चढली.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या सालगड्याला वा बलुतेदाराला मोबदला धान्यात मिळे, तो आधीच तळाशी होता. भावांच्या घसरणीने त्याची पायली लहान झाली नाही. ज्याची सरकारी नोकरी टिकली, त्याला तर स्वस्ताईच लाभली. मंदीचा घाव सर्वांत खोल बसला तो दोघांवर. एक, थोडीफार जमीन बाळगून असलेला कर्जदार शेतकरी. आणि दुसरा, शिकून बाहेर पडलेला, पण जागा न मिळालेला तरुण. दोघांपाशीही गमावण्यासारखे काही होते. सर्वांत भुकेला मनुष्य या दोघांच्याही खाली उभा होता, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

या पार्श्वभूमीवर उपपत्तीला तीन प्रश्न विचारता येतील : टोकाच्या पक्षात कोण गेले, केव्हा गेले, आणि कोठे गेले?

पहिला प्रश्न, कोण गेले? मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना हैदराबादेत १९२७ साली स्थापन झाली. आरंभी तिचा हेतू मुसलमानांतील निरनिराळ्या पंथांत ऐक्य साधण्याचा होता. १९३८ मध्ये बहादूर यार जंग तिचे अध्यक्ष झाले. ते जहागीरदार घराण्यातील असून अत्यंत प्रभावी वक्ते होते. संघटनेने ‘अनल मलिक’ हा सिद्धान्त लोकप्रिय केला. संस्थानातील प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा भागीदार आहे आणि निजाम हा त्या सामुदायिक सत्तेचे केवळ प्रतीक आहे, असा त्याचा अर्थ. १९४६ च्या अखेरीस अध्यक्षपद कासिम रझवी यांच्याकडे आले. ते लातूरचे वकील. त्यांच्या नेतृत्वाखाली रझाकार या स्वयंसेवक दलाला सशस्त्र स्वरूप आले. जहागीरदार, वकील, पदवीधर, कारकून, ही नेतृत्वाची माळ पाहिली तर तीत उपाशी मनुष्य सापडत नाही.

अनुयायांत गरीब होतेच. टांगेवाले होते, विणकर होते, खेड्यांतील लहान शेतकरी होते. पण त्यांना काय देऊ केले गेले, हे पाहावे. जमीन देऊ केली नाही, कर्जमाफीही नाही. तू राजा आहेस, असे त्यांना सांगण्यात आले. संस्थानात मुसलमानांचे प्रमाण सुमारे एक-अष्टमांश होते. त्यांतील फार थोडी कुटुंबे सत्तेच्या जवळ होती. बाकीचे आपल्या हिंदू शेजाऱ्यांइतकेच कर्जात होते. अशा माणसाला गणवेश आणि सिंहासनातील वाटा मिळाला, आणि त्याबरोबरच हा वाटा आता शेजारी हिरावून घेणार आहे, असे भयही मिळाले. हे देणे भाकरीचे नव्हते, मानाचे होते. ज्याचा मान रोज सावकाराच्या ओटीवर उतरत होता, त्याला ते भाकरीहून मोठे वाटले असल्यास नवल नाही.

दुसरा प्रश्न, केव्हा गेले? मंदीचा तळ १९३१ ते १९३३ हा. त्या वर्षी-दोन वर्षांत आपल्या भागात टोकाच्या संघटनांभोवती मोठा जमाव दिसत नाही. तणाव चढला तो १९३८ नंतर. त्या वर्षी स्टेट काँग्रेस, आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे सत्याग्रह सुरू झाले. उदगीरचे वकील भाई श्यामलाल त्याच वर्षीच्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात मरण पावले. १९३९ मध्ये राजकीय सुधारणांची घोषणा झाली आणि कायदेमंडळात कोणाच्या किती जागा, हा वाद पेटला. परमोच्च बिंदू तर १९४७-४८ चा. तोपर्यंत मंदी कधीच ओसरली होती. युद्धाने भाव उलट चढले होते आणि लोक लेव्हीच्या धान्यवसुलीने व टंचाईने गांजले होते. म्हणजे भूक आणि टोकाचे राजकारण यांची घड्याळे जुळत नाहीत. जुळते ते दुसरेच घड्याळ : इंग्रज गेल्यावर राज्य कोणाचे, हा प्रश्न जसजसा जवळ आला, तसतसे भय वाढले. मंदीने माणसे कर्जात ढकलली आणि जुने आधार पोकळ केले, हे खरे. पण पोकळी निर्माण होणे निराळे, आणि तीत कोणी काय भरले, हे निराळे.

तिसरा प्रश्न, कोठे गेले? एकच निजाम, एकच मंदी, जहागिरी व पायग्यांची तीच व्यवस्था. संस्थानाची सुमारे दोन-पंचमांश जमीन सरकारी खालशाबाहेर होती. असे असूनही नळगोंडा आणि वरंगळ या तेलुगू जिल्ह्यांतील शेतकरी १९४६ मध्ये साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखाली उठला, आणि तो लढा १९५१ पर्यंत चालला. तेथे आंध्र महासभेने वेठबिगार, बेदखली आणि धान्यवसुली हे प्रश्न वर्षानुवर्षे गावोगाव मांडले होते. आपल्या मराठी-कन्नड पट्ट्यात महाराष्ट्र परिषद आणि कर्नाटक परिषद यांचा भर मातृभाषेतील शिक्षण, सभास्वातंत्र्य आणि जबाबदार राज्यपद्धती यांवर राहिला. या मागण्या न्याय्य होत्या; पण कर्जबाजारी शेतकऱ्याच्या खतावणीला त्यांत शब्द मिळाला नाही. माझे मत असे की, तो शब्द ज्यांनी प्रथम दिला, त्यांच्यामागे लोक गेले. आणि येथे तो बहुतांशी धर्माच्या भाषेत दिला गेला. सावकार हा हिंदू आणि अंमलदार हा मुसलमान, एवढे सांगितले की उरलेला हिशेब ज्याचा त्याने मांडला.

बाहेरच्या जगाचा दाखलाही याच दिशेने जातो. जर्मनीत नाझी पक्षाला मे १९२८ मध्ये २.६ टक्के मते होती. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांहून अधिक झाली. त्या सुमारास बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात होती. तेव्हा बेकारांनीच हिटलरला वर आणले, असे सहज म्हटले जाते. परंतु मतांची बारकाईने छाननी करणाऱ्या संशोधकांना दिसले ते असे की, प्रत्यक्ष बेकार कामगार अधिक प्रमाणात साम्यवाद्यांकडे वळला. नाझींकडे लोटला तो लहान शेतकरी, दुकानदार, कारागीर, म्हणजे थोडके बाळगून असलेला आणि तेही जाईल म्हणून धास्तावलेला मनुष्य. आपणांस अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, प्रॉटेस्टंट भागांत नाझींना कॅथॉलिक भागांच्या जवळजवळ दुप्पट मते पडली. कॅथॉलिक खेड्यात स्वतःचा पक्ष, स्वतःच्या सहकारी व कामगार संघटना आणि सावधगिरीचा इशारा देणारे धर्माध्यक्ष होते. प्रॉटेस्टंट खेड्यात पाळक पुष्कळदा स्वतःच त्या भयात सहभागी होता. १९३३ मध्ये कॅथॉलिक धर्मसत्तेनेही हिटलरशी करार केला, हे विसरून चालणार नाही. पण त्यापूर्वीचा फरक बोलका आहे. तीच मंदी इंग्लंडातही होती. तेथे मोस्ले यांनी १९३२ मध्ये फॅसिस्ट पक्ष काढला. त्याला संसदेत एकही जागा मिळाली नाही.

अलीकडे, २०१६ मध्ये, फुंके, शुलारिक आणि ट्रेबेश या अर्थशास्त्रज्ञांनी १८७० पासूनच्या निवडणुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बँका बुडण्याच्या मोठ्या आर्थिक संकटानंतर अतिउजव्या पक्षांची मते सरासरीने सुमारे ३० टक्क्यांनी वाढतात, असे त्यांना आढळले. पण साध्या मंदीनंतर, जेथे उत्पन्न घटते पण कोणी फसवल्याची भावना नसते, तेथे तसा परिणाम आढळला नाही. याचा अर्थ असा की, तोटा माणसाला जितका बिथरवत नाही, तितका अन्याय झाल्याचा समज बिथरवतो. आणि त्या अन्यायाचा कर्ता कोण, हे सांगण्यास पक्ष तयारच असतो.

या प्रकाशात स्मिथ यांच्या ग्रंथाचे मूल्यमापन करता येते. मध्यमवर्गाविषयीचे त्यांचे निरीक्षण आपल्या जिल्ह्यांत खरे ठरते. उणीव एवढीच की, धर्म हा केवळ हिशेबावरचा मुखवटा आहे असे धरल्यामुळे, मनुष्य मानासाठी आणि आपलेपणासाठीही मरतो व मारतो, याचा उलगडा त्यांना करता येत नाही. त्यांचा मोठेपणा असा की ते तेथे थांबले नाहीत. १९५० मध्ये त्यांनी हैदराबादच्या मुसलमानांच्या शोकांतिकेवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि पुढे आपल्या आरंभीच्या मार्क्सवादी मांडणीची अपुरेपणाही मान्य केली. धर्म हा माणसांचा जिवंत विश्वास म्हणून समजून घ्यावा, या विचाराला त्यांचे उर्वरित आयुष्य वाहिलेले आहे.

या शोकांतिकेची किंमत कोणी मोजली? बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेल्या हत्याकांडात सुमारे दोनशे माणसे गेली, असे गावाची स्मृती सांगते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात पोलीस कारवाई झाली. त्या वेळी व त्यानंतर जे घडले त्याच्या चौकशीसाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अहवालाने मृतांची संख्या, अगदी सावध अंदाजाने, २७ ते ४० हजार धरली. त्यांपैकी किमान १८ हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतील. मारले गेले ते बहुतेक मुसलमान होते. अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. कासिम रझवी तुरुंगवास भोगून १९५७ मध्ये सुटले आणि पाकिस्तानात गेले. ‘तू राजा आहेस’ असे ज्याला सांगितले गेले होते, त्या खेड्यातील विणकराला जाण्यास कोठे जागा नव्हती.

आता ही चिकित्सा आपल्या दाराशी आणणे भाग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बीदर परिसरातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून, विशेषतः मादिगांतून, शेकडो कुटुंबे समूहाने मंडळीत आली. त्यांच्याविषयी तेव्हापासून आजतागायत एक शेरा मारला जातो : ही माणसे पोटासाठी ख्रिस्ती झाली. हा शेरा आपणांस झोंबतो, आणि झोंबलाच पाहिजे. कारण तो खोटा आहे आणि अपमानकारकही आहे. १९३३ मध्ये, म्हणजे मंदीच्या तळाशी, वॉस्कम पिकेट यांनी हिंदुस्थानातील समूहपरिवर्तनांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत लोकांचे हेतू एकेरी नव्हते, त्यांत देवाचा शोध, मानाची आस आणि भाऊबंदांबरोबर राहण्याची इच्छा ही सर्व गुंफलेली होती, असे दिसून आले. मग जो तर्क आपल्या आजोबांना लावला असता आपण रागावतो, तोच तर्क आपण रझाकाराला, किंवा आजच्या कोणत्याही झेंड्यामागे चालणाऱ्या गरीब तरुणाला, कोणत्या अधिकाराने लावतो? भुकेल्या माणसालाही मन असते. आपल्या पूर्वजांविषयी हे खरे असेल, तर त्याच्याविषयीही खरे आहे. आणि मन आहे म्हणूनच जबाबदारीही आहे : त्याची, त्याला बोलावणाऱ्यांची, आणि त्याला बोलावू न शकलेल्या आपलीही.

ही शेवटची जबाबदारी इतिहासात स्पष्ट दिसते. त्या काळात दलितांची डोकी सर्वच मोजत होते : आर्य समाज शुद्धीसाठी, इत्तेहाद धर्मप्रसारासाठी आणि मतसंख्येसाठी, आणि मिशनांचे वार्षिक अहवालही याला अपवाद नव्हते. संस्थानातील काही दलित नेते १९४७ मध्ये इत्तेहादच्या बाजूस गेले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निवेदन काढून निजाम आणि इत्तेहाद यांना साथ देऊ नका, असे बजावले. ते नेते का गेले? ज्यांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर चढू दिले नाही, त्यांच्या राज्याची त्यांना धास्ती होती. हेही भयच, आणि तेही निराधार नव्हे.

पवित्र शास्त्रात संकटाची दोन चित्रे आहेत, ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. १ शमुवेल २२ मध्ये अदुल्लामच्या गुहेत दाविदाभोवती सुमारे चारशे पुरुष जमतात. ते गांजलेले, कर्जबाजारी आणि मनाने कडवट झालेले आहेत. टोकाच्या पक्षाची भरती हुबेहूब अशीच असते. त्यांचे पुढे काय होणार, हे त्यांच्या कर्जावर अवलंबून राहिले नाही. पुढारी त्यांना कोणाच्या अंगावर सोडतो, यावर राहिले. गुहेत सापडलेल्या शौलावर हात टाकण्यास दाविदाने आपल्या माणसांना मनाई केली, हे पुढील कथेत येतेच. दुसरे चित्र नहेम्या ५ मधील. दुष्काळात शेते आणि द्राक्षमळे गहाण पडली आहेत, मुले दास झाली आहेत. लोकांचा आक्रोश ऐकून नहेम्या परक्यांकडे बोट दाखवत नाही. तो आपल्याच सरदारांना सभेत उभे करतो, त्यांच्याकडून गहाण जमिनी व व्याज परत करण्याची शपथ घेतो, आणि स्वतःही देणेकरी सोडतो. त्याच्या भोवती सनबल्लटासारखे शत्रू असताना हे घडते, म्हणून त्याचे मोल अधिक.

आजची परिस्थिती निराळी आहे, पण खतावणीचा न्याय बदललेला नाही. कलबुर्गी हे तुरीचे भांडार. २०१५ च्या अखेरीस तुरीचा भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला. त्या आशेने शेतकऱ्याने पेरा वाढवला, आणि २०१७ च्या आरंभी भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली कोसळला. अशा हंगामात आपल्या गावात कोणी ना कोणी येऊन सांगणारच की, तुझ्या तोट्याला अमुक जात, अमुक धर्म, वा सीमेपलीकडची अमुक भाषा कारण आहे. तो येण्यापूर्वी पाळक आणि प्रचारक यांनी काय केलेले असेल, यावर पुष्कळ अवलंबून राहील. मंडळीतील कोणाचे शेत गहाण आहे, कोणाचा मुलगा शिकून घरी बसला आहे, हे आपणांस ठाऊक असावे. कर्जाची गोष्ट लाजेने लपवावी लागणार नाही अशी एखादी बैठक गावात असावी, आणि तीत शेजारच्या मुसलमानाला, लिंगायताला, मराठ्यालाही जागा असावी. कारण भाव पडतो तो सर्वांचाच पडतो. आणि व्यासपीठावरून बोलताना ‘भुकेने माणूस पिसाळतो’ हे वाक्य आपण सोडून द्यावे.

गरिबाला धोका म्हणून पाहणारी मंडळी त्याला मान देऊ शकत नाही. आणि जेथे त्याला मान मिळत नाही, तेथून तो जेथे मिळेल तेथे जातो. १९४८ मध्ये आपल्या जिल्ह्यांनी हे एकदा पाहिले आहे.